खालची रांग

तेलावीत पहाटे चारला तोने पेटते.
जमिनीत पुरलेला मातीचा रांजणच तो,
त्याच्या पोटात कमरेपर्यंत वाकून
पावाची कणीक भिंतीवर थापायची.
मी लागले तेव्हा पुरुषांनी पैज लावली होती,
महिनाभर टिकेल.
अकरा वर्षं झाली.

पण काही दिवस असे यायचे,
वाकलं की आतून कुणी पिळा घालायचं,
पाठीतून मांडीपर्यंत.
गंमत बघा, वाकणं जिवावर यायचं
आणि तीच धग ओटीपोटाला बरी वाटायची.
मी लवकर वर यायचीच नाही.
"म्झेविनार, आत पाव मोजतेस का?"
सासरे विचारायचे.

सासूबाई म्हणाल्या, मूल झालं की जाईल.
सोनोग्राफी म्हणाली, सगळं ठीक.
नऊ वर्षं मी सगळ्यांवर विश्वास ठेवला,
म्हणजे माझ्यावर ठेवला नाही.

तिबिलिसीच्या डॉक्टर केतो
बारीक छेदातून कॅमेरा घालून बघून आल्या.
म्हणाल्या, गर्भाशयातल्या अस्तरासारखंच काही
बाहेर रुजलंय, अंडाशयावर, आतड्यामागे.
दर महिन्याला तेही सुजतं, रक्ताळतं,
आणि त्याला वाट नाही.
मी म्हटलं, कळलं.
परातीबाहेर उडालेली कणीक,
आकड्यावर, कडीवर, फळ्यांच्या फटीत.
वेळेवर खरवडली नाही तर दगड होते,
दोन फळ्या एकमेकींना चिकटवून टाकते.
त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं.

"बरं होईल?"
"आटोक्यात राहील."
या दोन शब्दांतलं अंतर
मी गोंबोरीच्या घाटात मोजत आले,
प्रत्येक वळणाला, पोटाशी उशी धरून.

आता पिठाच्या पोत्याच्या कागदावर तारखा असतात.
गोळी रात्री नऊला.
ॲप्रनची नाडी सैल.
वाईट दिवशी खालची रांग सासरे थापतात,
त्यांचे पाव वाकडे निघतात,
गिऱ्हाईक कुरकुरतं.
मी सांगते, आज माझं पोट दुखतंय.

पहिल्यांदा सांगितलं त्या दिवशी
शाळेतल्या नातेलाबाई सुटे पैसे मोजत होत्या.
मान खाली घालूनच म्हणाल्या,
"मांडीतही उतरतं का?"

मागे रांग खोळंबली.
मी डॉक्टरांचा नंबर
पावाच्या कागदावर लिहिला.
पाव वाफाळत होता, आकडे फुटले.
दुसऱ्या कागदावर
पुन्हा लिहिला.