त्याच्या शेजारी

दुक्म. पहाटेचे पावणेचार.
वरच्या बंकवर मफिझुल घोरतोय.
मी टॉर्च दातांत धरतो, दोन्ही हातांनी शास्त्र उघडतो.
शेवगावच्या पाळकांनी दिलेला वाचनक्रम
आतल्या पुठ्ठ्याला चिकटवलाय, कडा तेलकट.
वाचून झालं की पेन्सिलीची बारीक रेघ.

रात्री सुवार्ताचा फोन होता.
सलोमीचा ताप उतरत नाही, आज चौथा दिवस.
म्हणून मला हवं होतं काहीतरी मऊ,
कुरण, पाणी, सावली,
निदान एखादी ओळ, फोनवर वाचून दाखवण्याजोगी.

आणि निघालं काय, तर यादी.
पडलेल्या गावकुसाची डागडुजी कोणी कोणी केली, त्याची.
अमक्याचा मुलगा तमका, इथपासून तिथपर्यंत.
त्याच्या शेजारी एक सोनार.
त्याच्या शेजारी अत्तरं करणारा.
त्याच्या शेजारी एक जण, आपल्या मुलींना घेऊन.
नावं अशी, की जोंधळ्यात खडे लागावेत.

खरं सांगतो, पान उलटणार होतो.
देवा, मी म्हटलं, हजेरीवही तर मी रोजच वाचतो,
त्याचाच पगार घेतो.
तूपण टाइमकीपर का?

उत्तर नाही.
रेघ मारली, बूट घातले.
आई म्हणायची, वचन गिळायचं नसतं, रवंथ करायचं.
बैल काय कडबा गोड लागतो म्हणून बसतो का तोंड हलवत?

गेटवर धुकं. समुद्र दिसत नाही, नुसता वास,
क्रेनचे लाल दिवे हवेत टांगलेले.
मशीनवर अंगठे उमटत नाहीत कोणाचे,
सिमेंटनं बोटांवरच्या रेघा खाल्ल्यात.
म्हणून तोंडी हजेरी. माझ्या बसची चौसष्ट माणसं.
टेक बहादुर.
चिन्नप्पा, कालच बाप झालेला, अजून हसतोय.
गुल रहमान, गालाला फडकं, दाढ ठणकतेय.
मफिझुल, शर्ट उलटा.
आणि माझी जीभ आपली आपणच म्हणू लागली,
त्याच्या शेजारी.
त्याच्या शेजारी.
दाढेसाठी थांबलो एक क्षण. बाळासाठी एक.
मुकादम म्हणाला, आज काय झोपलास का रे?

सत्तावीस नंबर, विरय्या.
मंगळवारी मचाणावरून पडला, मस्कतच्या इस्पितळात आहे.
नियम मला ठाऊक आहे: नाव वाचायचं नाही,
लाल शाईनं 'ग' लिहायचं.
मी वाचलं. मोठ्यानं.
धुक्यातून कोणीतरी म्हणालं, हजर.
कोण, ते विचारलं नाही.
बस हॉर्न देत होती.

रात्री सुवार्ता म्हणाली, ताप आहेच. वाच काहीतरी.
आज चांगलं काही नाही गं, नुसती नावं आहेत.
वाच म्हणते ना.
वाचलं. दोन नावांना ती खुदकन हसली,
चार दिवसांत पहिल्यांदा.
मग म्हणाली, त्या मुली, बापाबरोबर भिंत बांधणाऱ्या,
त्यांची नावं?
नाहीत दिलेली.
फोनमध्ये पंख्याचा आवाज, पोरीचं कण्हणं.
मग आपल्या सलोमीचं लिही तिथं, ती म्हणाली,
समासात. बारीक अक्षरात.

पेन्सिल कुठं ठेवली मी?
टॉर्चची बॅटरीही उतरत आलीय.
उशीखाली चाचपडतो,
मफिझुल वरून विचारतो, काय हरवलं भाई?
आणि खाली उतरून
तोही शोधू लागतो.