कुत्रं जागं होणार नाही इतकी

अबुनोच्या रस्त्यावर आमच्यासारखी सात दुकानं.
सगळ्यांच्या दारात गिटारी टांगलेल्या,
माना वर, पोटं पुढे,
आणि विमानतळावरून येणारा प्रत्येक जण
एकच विचारतो : आवाज कसा आहे?

बाप म्हणायचा, सूर असा हवा
की रस्ता ओलांडून समोरच्या बाकावर जाऊन बसला पाहिजे.
फणसाची फळी तो बोटाच्या पेराने ठोकायचा,
कान लावून ऐकायचा,
मुकी निघाली तर चुलीकडे भिरकावायचा.
मी तेच शिकलो. तेच विकतो.

मंगळवारी दुपारी बाई आल्या. फेलिसा ओम्पाद.
तीस वर्षं बोटीच्या धक्क्यावर तिकिटं फाडलेली;
बोलतानाही अंगठा तर्जनीवर घासत होता.
लहान हवी, म्हणाल्या. स्वस्त हवी.
अडीच हजार पेसो आहेत,
जीपनीचं परतीचं भाडं त्यातच.

मी आधी मोठी काढली. दुकानदाराचं हाड.
मग मधली, शिंपल्याच्या नक्षीची.
तिच्या पोटाला वळसा घालून
बाईंचा हात तारांपर्यंत पोचेना,
खांदा कानाला भिडला.
एक तार छेडली
आणि उतू जाणाऱ्या दुधावर झाकण टाकावं तसा
झटकन तळवा ठेवला.
"फार बोलते ही."

मग हळूहळू कळलं.
एकच खोली. मुलगी मारिविक
रात्रभर कानाला हेडफोन लावून
लांबच्या देशातल्या लोकांची
बिलांवरून होणारी भांडणं ऐकते.
सातला घरी येते, पडदा ओढते,
दोनपर्यंत झोपते.
आणि बाईंना जी काय सवड, ती नेमकी तेव्हाच.
"जन्मभर भोंगे ऐकले हो.
आता म्हटलं आपणही काही वाजवावं.
पण तिच्या झोपेच्या अलीकडेच थांबेल असं."

भिंतीवर चाळीस गिटारी,
एकजात मोठ्याने बोलायला शिकवलेल्या.
मी शिडी लावून माळ्यावर गेलो.

रोनेल माझा शिकाऊ पोरगा. ही त्याची पहिली.
वरची फळी पुरती तासलीच नव्हती,
कंबर दोन बोटं कमी,
आणि मी चारचौघांत म्हणालो होतो,
हिच्यात तांदूळ भरून ठेव.

धूळ पुसली. नायलॉनच्या नव्या तारा चढवल्या,
त्या सुरात टिकेनात,
लावल्या, उतरल्या, परत लावल्या.

उंबऱ्यात बान्ताय झोपलं होतं,
नावाचा अर्थ राखणदार, वय वर्षं चौदा,
पोट उघडं टाकून.
बाई त्याच्यापासून तीन हातांवर
सरळ फरशीवर बसल्या.
"आमच्या दोन खाटांत एवढंच अंतर आहे."
गिटार त्यांच्या कुशीत अशी बसली
की कोण कुणाला धरून आहे कळेना.
चार सूर. थांबल्या.
मग कुठली तरी चाल, अर्धी आठवलेली,
मधेच चुकलेली, परत पहिल्यापासून.
बान्तायचा डावा कान हलला.
माशी उडाली.
डोळे मिटलेलेच.

"कितीला?"
जिला तांदळाचा डबा म्हणालो
तिचा भाव काय सांगणार?
अठराशे म्हटलं. त्यांनी सोळाशे केले,
वर एक जादा तार मागून घेतली.
आतल्या खोलीतला रंधा
मघापासून थांबलेला होता.
नोटांनंतर त्यांनी चिल्लर मोजायला काढली
तेव्हा कुठे त्या खुळखुळाटाने
बान्ताय धडपडून उठलं आणि भुंकलं.

"मांडीवर मावते, वेगळं तिकीट पडायचं नाही,"
एवढं म्हणून बाई गेल्या.

रोनेल बाहेर आला, दाढीभर भुसा.
तशीच आणखी एक करू का, म्हणाला.
मी म्हटलं, करून बघ.
मुद्दाम जमेल असं वाटत नाही.