हातभर वायर

डबीत काहीच नाही.
बिस्किटांची जुनी पत्र्याची डबी, समोर एक खुंटी,
खुंटीमागे एक पॉट, पाठीला चार सॉकेटं.
ना ट्रान्झिस्टर, ना दिवा, ना भिंतीकडे जाणारी वायर.
उखर्डू नेहेतेनं ती कानाशी धरून हलवली,
नारळातलं पाणी बघावं तशी,
म्हणाला, "भो, यात तं काहीच नाही!"

म्हटलं, तेच तर.
ही काही देत नाही. फक्त अडवते,
तू सांगशील तेवढंच.

तीस वर्षं मी फैजपूरच्या एक्स्चेंजात
लोकांची बोलणी या तारेतून त्या तारेत टाकली.
मध्ये बसणाऱ्यानं काय करू नये
हे सरकारनं मला पगार देऊन शिकवलंय.

उखर्डूला ते पटणं कठीण.
त्याचा जन्म भुसावळच्या लोको शेडमध्ये गेला;
पुढे इंजिन नाही तर डबे हलतील कशाला?
त्याच्या घरच्या मशीनवर बास, ट्रेबल, लाउडनेस,
तिन्ही खुंट्या उजव्या टोकाला जाऊन गंजलेल्या.

पहिली सोयरीक मोडली.
पॉट माझा तेव्हा लाख ओहमचा,
ॲम्प त्याचा दहा हजारांचा, अधाशी,
आणि मध्ये पाच मीटर वायर,
कारण मला खुंटी खाटेपाशी हवी होती.
आवाज आला तो
उन्हात विसरलेल्या कोथिंबिरीसारखा.
झांजा तर वाटेतच कुठेतरी उतरून गेल्या.
उखर्डू खूश. "पाह्य. म्हटलं होतं."

मग वहीच्या मागच्या पानावर हिशेब घातला.
घेणाऱ्यानं देणाऱ्याच्या ताटातून
चिमूटभरच उचलावं, तर चव शाबूत राहते.
ओहमच्या भाषेत, एकास दहा.

पॉट बदलला, दहा हजारांचा घातला.
जळगावहून दुसरा ॲम्प आणला,
लाखाचा उंच उंबरठा, एका व्होल्टात पोटभर बोलणारा.
स्पीकर सिकंदर तडवीनं केले:
बंद पडलेल्या टुरिंग टॉकीजचे पंधरा इंची कागदी कोन
जुन्या सागाच्या दारांच्या पेट्यांत,
वॉटभर दिलं तरी ओटा थरथरवणारे.
आणि वायर कापली.
पुन्हा कापली. हातभर उरली.
आता खुंटीसाठी उठून जावं लागतं.
जातो.

मे महिना, रात्रीचे साडेदहा, भिंती अजून तापलेल्या.
केळीच्या मोटारी बंद झाल्या, व्होल्टेज सरळ झालं.
कॅसेट उखर्डूच्याच लग्नातली,
चौऱ्याऐंशी साल, सावद्याचा बँड;
मांडवात मशीन धरून मीच उभा होतो,
बँडवाल्यांना घाबरून जरा लांब.
शंभरदा ऐकलेली.
क्लॅरिनेटच्या आधी वाजवणाऱ्याचा श्वास आला.
ढोलाला कातडं असतं हे आज कळलं.
उखर्डूचा हात सवयीनं ट्रेबल शोधत हवेत गेला
आणि मांडीवर परत आला.

दोन गाण्यांच्या फटीत
कुणीतरी खोकलं.
दोनदा. मग घसा साफ करून, "चाला, चाला."

आतून तापीबाई आल्या,
बोटांना भाजलेल्या वांग्याची काळी सालं.
"थांबवा," म्हणाल्या. मग, "नका थांबवू."
मग दाराला टेकून,
"हा तं आमच्या डिगूचा खोकला."

त्यांचा धाकटा भाऊ.
लग्नानंतरच्या दिवाळीला तो नव्हता.

बँड पुढचं गाणं धरून वरात घेऊन निघूनही गेला होता.
मी रिवाइंड केलं. बोटं खुंटीवर ठेवली,
जरा मोठं करावं म्हणून.
खुंटी आधीच टोकाला होती.
डबीपाशी याहून जास्त काही नव्हतंच.

तापीबाईंनी पाट ओढला
आणि स्पीकरला लागून बसल्या, डोकं थोडं कलतं करून.
उखर्डूनं माझ्याकडे न बघता विचारलं,
"वायर केवढी ठेवली म्हणे?"
"हातभर."

आत चुलीवर दुसरं वांगं करपत होतं.
उठलं कुणीच नाही.