चौथं वाक्य

मंगळवारी ग्रिम्सबीच्या गोदीवर वारा सुटला की
वाचनालयाच्या वरच्या खोलीतली खिडकी आपणहून बडबडते.
तिच्या फटीत पुठ्ठ्याची घडी खोचून
आम्ही काळ शिकायला बसतो.

रामूनास मासळीच्या कारखान्यातून थेट येतो,
बोटांना हॅडकचा वास, कोपरापर्यंत गारठा.
'आय हॅव ईटन येस्टर्डे,' म्हणतो.
मी म्हणते, काल आला की हॅव गेलं,
एका म्यानात दोघं राहत नाहीत.
'काल'ने दार लावून घेतलंय, कडी आतून.
हॅवचा एक पाय नेहमी उंबऱ्याच्या अलीकडे.
मग आज सकाळी खाल्लेलं?
सकाळ अजून चालू असेल, तर हॅव.
दुपारी दोन वाजता तीच न्याहारी
दुसऱ्या काळात जाते.
तो घड्याळाकडे बघतो, मग माझ्याकडे,
जणू ताट मीच उचललं.

ओडार्काला सगळ्याचं कोष्टक लागतं.
मी फळ्यावर उभी रेघ ओढते:
अलीकडे 'संपलं', पलीकडे 'अजून'.
'अजून'खाली काय लिहावं
हे मला तीस वर्षांत नीट जमलेलं नाही.

पुस्तकात बारीक टायपात एक तळटीप आहे:
मेलेल्या माणसापुढे हॅज शोभत नाही.
आजी या गावात राहिली आहे असं म्हणायचं
तर आजी असावी लागते.
ती तळटीप मी वगळते.
पोरं हुशार, स्वतःच वाचतात.

घरच्या एका माणसाबद्दल पाच वाक्यं, असा गृहपाठ होता.
रात्री स्वयंपाकघरात वह्या घेऊन बसले,
हिरवं पेन, कारण लालला ही माणसं दचकतात.

लेतेब्रहानची वही.
एक. माझ्या भावाचं नाव तेकेस्ते.
दोन. त्याने अस्मारात सायकली दुरुस्त केल्या.
तीन. ऑक्टोबरमध्ये त्याने मला झुवाराहून फोन केला आहे.
कोणता ऑक्टोबर, लिहिलेलं नाही.
कोणता का असेना, संपला.
मी 'आहे' खोडलं. नियम तो नियम.
पाच. त्यानंतर त्याने फोन केलेला नाही.
इथे हॅज अगदी बिनचूक,
'त्यानंतर' अजून चालू आहे म्हणून.
मी बरोबरची खूण केली
आणि त्या खुणेकडेच बघत राहिले,
चहावर साय धरेपर्यंत.

मधलं राहिलं. चार.
त्याने समुद्र पाहिला
आणि पुढे हॅजची खाडाखोड:
शिसपेन्सिलीने घातलेलं, पुसलेलं, घातलेलं,
रबराने कागद इतका विरलाय
की मागच्या पानावरचे फळांचे स्पेलिंग दिसतात.
समासात तिने बारीक अक्षरात विचारलंय,
टीचर, कोणतं?

पेनाचं टोपण काढलं. लावलं.
शाई तर होती.

पुढच्या मंगळवारी वही परत दिली.
तिने सरळ ते पान उघडलं.
'चारला खूण नाही.'
दोन्ही बरोबर, मी म्हटलं.
ओडार्का पलीकडून ताडकन: दोन्ही कसे?
अर्थ वेगळा होतो, तुम्हीच सांगितलंत!
सांगितलं होतं.
लेतेब्रहानने वही मिटली,
उठून खिडकीचा पुठ्ठा आणखी आत दाबला,
त्याची काही गरज नव्हती.

मग तास संपला, खुर्च्या उलट्या टेबलावर.
रामूनास सगळ्यांच्या आधी जिन्यावरून धावत गेला
आणि तसाच धापा टाकत वर आला.
'टीचर, द बस हॅज गॉन.'
तांबडे दिवे अजून वळणावर दिसत होते.
हिवाळाभरात पहिल्यांदाच हॅज जागेवर पडलं,
पण शाबासकी कुणी दिली नाही.
लेतेब्रहानने मफलर दोनदा गुंडाळला,
आम्ही चौघं चालत निघालो.