अर्धा इंच

जनरल खलफान बिन झहरान यांचा उजवा खांदा
डाव्यापेक्षा अर्धा इंच खाली आहे.
सूर गावात हे तिघांनाच ठाऊक :
ते स्वतः, त्यांची बायको,
आणि मी, माळवदे टेलर, खाडीकाठ, दुकान नंबर चार.

माझ्या वहीत ते पान सत्त्याऐंशीचं.
छाती बेचाळीस, कंबर चौतीस, हुद्दा मेजर.
"डोंगरात एक तुकडा आत राहून गेला," हिंदीत म्हणाले.
कसला, ते मी विचारलं नाही.
टेपनं विचारतात तेवढंच विचारलं,
उजव्या खांद्यात कापसाचे दोन थर जास्त भरले.
दोन्ही खांदे एका रेषेत आले तेव्हा
त्यांनी मान हलवली, ती आरशाकडे बघून.

मग कर्नल. मग ब्रिगेडियर. मग तलवारीचा पट्टा.
पदकांच्या पिनांनी कोटाची डावी बाजू चाळण झाली,
आतून कॅनव्हासचं ठिगळ लावावं लागलं.
मजुरी दोन रियाल.

निवृत्तीनंतर सरकारनं त्यांना मासळी कंपनी दिली :
बर्फाचे तीन कारखाने, सोळा ट्रक,
आणि डबाबंद तारलीचा जुना तोटा.
पहिल्या दिवशी पहाटे सहाला त्यांनी बोटींची हजेरी घेतली म्हणे.
नाखवे हसले. मासा काही हुकमानं येत नाही.
दुसऱ्या वर्षापासून तेही हसू लागले,
तारली कुठली, पेडवा कुठला, हे विचारून घेऊ लागले.
(मी बार्शीचा. मला आजही दोन्ही सारखेच.)

दिशदाशाच्या खांद्यात कापूस नसतो.
पांढरं कापड, सरळ पडतं, काही झाकत नाही.
आतून एक पट्टी घालू का, म्हटलं.
"घाल, मास्तर."

पाचव्या वर्षी वरून कागद आला :
जाळी विणणारे एकसष्ट म्हातारे कमी करा.
त्यांनी सही केली.
कुणी म्हणतं, आधी महिनाभर भांडले.
कुणी म्हणतं, पेनसुद्धा थांबलं नाही.
मला मापं कळतात, बाकीचं नाही.

त्या संध्याकाळी ड्रायव्हरशिवाय आले.
काउंटरवर जुना कोट ठेवला. "ही भोकं बुजव."
समोर बसून राहिले, चहा घेतला नाही.
अठरा भोकं. एकेक रफू केलं.
कोट ट्यूबलाइटपुढे धरला त्यांनी, बराच वेळ.
उजेडात रफू दिसतंच, ते मी आधीच सांगायला हवं होतं.
मग अंगातल्या दिशदाशाच्या खांद्यावर बोट ठेवलं :
"आणि ही पट्टी काढ."

उसवली. सवयीनं टेप लावला.
पाऊण इंच.
वहीत लिहावं की नको, या विचारात होतो तोवर
ते रस्ता ओलांडून धक्क्यावर पोचले होते,
एका अंगाला कललेले, कोट हातावर.

बाकावर जाळीवाला जुमा एकटाच बसला होता.
त्यानं सलाम केला नाही. उठलाही नाही.
थोडा सरकला फक्त.

ते बसले का, ते बघायचं राहिलं.
दुकानात गिऱ्हाईक आलं, शाळेच्या गणवेशाचं.