हातचा

नऊ नंबरच्या काउंटरला, सरकत्या पट्ट्याच्या टोकाशी,
जिथे माल येऊन थांबतो आणि माणसं थांबत नाहीत,
तिथे मी उभी असते. सकाळी नऊ ते एक.
एप्रन माझा मीच शिवलाय. पगार नाही.
दुकानाच्या कागदावर मी स्वयंसेवक आहे,
म्हणजे वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी
निव्वळ हौस म्हणून
मी अख्ख्या हालापा शहराचे बटाटे पिशवीत भरते.

अंडी सगळ्यात वर.
ब्लीच टॉर्टियांपासून लांब.
गोठलेली कोळंबी आणि आइस्क्रीम एकमेकांना बिलगून.

कोण किती देणार ते ट्रॉली बघून कळेल
असं आधी वाटायचं.
परदेशी चीजवाली बाई फोनमध्येच बघत राहते,
माझ्याकडे बघितलं तर द्यावं लागेल ना.
हाताला चुना लागलेला गवंडी पाच पेसो ठेवतो.
दुसरा गवंडी काहीच ठेवत नाही.
तेव्हा गवंड्यांबद्दलही काही म्हणू नये.
काही जण नाणं वरून सोडतात, बोटाला बोट लागू नये म्हणून.
काही जण म्हणतात, राहू द्या आजी, मीच भरतो,
आणि असे घाईघाईने भरतात
जशी काही मी त्यांच्या कपाटात हात घातलाय.

एकतीस वर्षं मी गणित शिकवलं.
शाळा नन्सची होती. नन्स म्हाताऱ्या झाल्या, शाळा विकली,
पेन्शनच्या रकान्यात काय लिहायचं
ते कोणाला आठवलं नाही.

मार्चमध्ये लेओबार्दो आला. टक्कल, सोबत लहान मुलगी.
वर्गात बेरीज करताना हातचा विसरायचा, दर वेळी.
मी फळ्यापाशी उभं करून सांगायचे,
या घरात मावत नाही ते पुढच्या घरात न्यायचं असतं, बाळा,
टाकून नाही द्यायचं.
त्याने मला पाहिलं, एप्रन पाहिला,
आणि ट्रॉली वळवून चार नंबरला जाऊन उभा राहिला.
तिकडे सात माणसं होती. माझ्याकडे दोन.

मला राग आला नाही. खरंच नाही.
बाईंना किती द्यायचे हे मी कुठे शिकवलं होतं?
दोन दिले तर अपमान,
दोनशे दिले तर त्याहून मोठा.

पुढच्या गुरुवारी मात्र तो नऊ नंबरलाच आला.
मान खाली. यारेत्सी एकेक वस्तू पुढे सरकवत होती,
यंत्र टीं टीं करत होतं,
आणि तो माझ्याबरोबर भरायला लागला. चुकीचं.
अंडी तळाला, वर अननस.
मी त्याच्या बोटांवर हलकेच चापट मारली.
मुलगी खिदळली. मग तोही.
जाताना त्याने पाच पेसो ठेवले.
कोणालाही ठेवतो तेवढे,
ना एक कमी, ना एक जास्त.
मी म्हटलं, बरोबर.
त्याला काय कळलं देव जाणे, पण कान लाल झाले.

त्या दिवशी एकशे बेचाळीस झाले.
ते पाच वेगळे काढून ठेवावेत असं मनात आलं होतं,
पण नाण्यांच्या गर्दीत कुठलं ते ओळखता येईना,
आणि टोमॅटो घ्यायचेच होते.

मंडईतून बसथांब्यापर्यंत एका पोराने माझी पिशवी आणून दिली.
मी सांगितलं नव्हतं. त्यानेच उचलली.
आणून ठेवली, आणि उभा राहिला.
नुसता उभा. फुलपाखराकडे बघावं तसा
लांब कुठेतरी बघत.

ती उभं राहण्याची पद्धत मला ठाऊक आहे.

खिशात हात घातला.
दोनचं नाणं लहान, पाचचं मोठं,
न बघताही बोटांना कळतं.
तरी मी बराच वेळ चाचपत राहिले,
बस लांबून दिसायला लागली होती.