चेपलेले डबे

हल शहरात, दर गुरुवारी, चर्चमागच्या हॉलमध्ये
माझं काम डब्यांवरच्या तारखा वाचायचं.
मटार, ट्यूना, टोमॅटोचं सूप, तांदळाची खीर.
हो, खीरसुद्धा डब्यात मिळते इथे,
वेलचीबिलची काही नाही.

ग्लेनिसनं पहिल्याच दिवशी सांगितलं :
नाव विचार, घरात माणसं किती ते विचार,
का आलात ते विचारू नकोस.
आणि हो, शेगडी चालू आहे का, ते विचार.
मला वाटलं, माझंच इंग्रजी कच्चं.
मग कळलं, शेगडी असते,
मीटरमध्ये पैसे नसतात.
त्यांची पिशवी वेगळी,
नुसत्या उकळत्या पाण्यावर भागेल अशी.
आणि किटलीही बंद असेल, तर तिसरी.

लियान पिकर्सगिल माझ्याकडे बघत नाही,
माझ्यामागच्या नोटीसबोर्डाशी बोलते.
मूर्तिजापूरला आई
रेशनचे गहू साडीच्या दुकानाच्या पिशवीतून आणायची,
कुणी भेटलं तर सांगायला बरं.

तिचा केडन विचारतो,
तुमच्याकडे गरीब लोक असतात ना?
असतात.
मग तू इथे कशाला आलीस?
लियान त्याचा दंड धरते.
मी एकाच डब्याची तारीख दोनदा वाचते.
स्कॉलरशिपच्या अर्जात याचं उत्तर
दोनशे शब्दांत दिलं होतं मी.

नोव्हेंबरात चारलाच अंधार.
हॉल झाडून झाल्यावर ग्लेनिस म्हणाली,
हे चेपलेले कुणाला देता येत नाहीत बघ,
फेकावेच लागतील. नेतेस?

भिंतीवरचा कागद मीच लिहिलेला :
फुगलेला नको, गंजलेला नको,
चेपलेला चालेल.

चहाबरोबरची बिस्किटं
मी कशी खाते, ते पाहिलं असणार तिनं.
तिनं काही विचारलं नाही.
मीही कागदाकडे बोट दाखवलं नाही.

सॅकच्या तळाशी एक पिशवी होती,
'असू दे, लागते' म्हणून आईनं कोंबलेली.
लाल अक्षरांत : पैठणी, शालू, लग्नबस्ता.
तीत सहा डबे बसले.

बसमध्ये पुढच्याच सीटवर लियान, खिडकीकडे तोंड करून.
केडन मागे वळला,
वाकून माझ्या पिशवीत डोकावला.

तुलापण खीर मिळाली?

मिळाली, म्हटलं. दोन.